काटा, फॅट आणि एक नंबरची प्रक्रिया

"आरं, माज्या गाईला म्हशीचं फॅट कवापासनं लागाय लागलं?"

आक्का खिडकीशी पावती धरून उभी होती. मी पायरीवर चहा पीत बसलो होतो. दसऱ्याची सुट्टी संपवून दुपारच्या गाडीने पुण्याला परत निघायचं होतं. पावतीवर छापलं होतं: लिटर ३.८, फॅट ६.५. आक्का रोज साडेसहा लिटरच्या आसपास दूध घालते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. कऱ्हाडपासून पाऊण तासावर. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला रांग लागते. दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं की लिटर कळतात, चमचाभर नमुना फॅट मशीनला लावला की फॅट कळतं, डिग्री लॅक्टोमीटरवर बघून हाताने टाकायची. काटा आणि फॅट मशीन दोन्ही एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेले. त्यावरचा मी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हींकडून एकेक आकडा घेतो, दरपत्रकात बघतो आणि पावती छापतो. त्या सकाळी प्रोग्रॅमने काट्याचा आकडा फॅट म्हणून घेतला होता आणि फॅटचा आकडा लिटर म्हणून. गाईच्या दरपत्रकात फॅटचा रकाना ५.० वर संपतो, पुढे कितीही आलं तरी दर तोच. म्हणजे आक्काचं पावणेतीन लिटर दूध हवेत गेलं.

रांग शांत झाली. दूध, ऊस, कापूस, काहीही विकणाऱ्या माणसाला विचारा, सगळ्यात वाईट शिवी कोणती. 'काटा मारला.' अप्पांनी अठ्ठावीस वर्षं हे केंद्र चालवलंय आणि हा शब्द त्यांच्याबद्दल कधी कुणी उच्चारला नव्हता. तेव्हाही कुणी उच्चारला नाही. पण तो खोलीत होता.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं, आणि ते सांगायला लाज वाटत होती.

त्यासाठी गणपतीपर्यंत मागे जायला लागेल. तेव्हा त्या कॉम्प्युटरवर डेबियन होतं. दोन जीबी रॅम, बॅटरी मेलेला यूपीएस, आणि लाईट तर आमच्याकडे येते-जाते. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की पुन्हा सुरू. एका सकाळी तो सुरू होताना अडकला. पडद्यावर एक ओळ, तिच्यात एक तांबडा ठिपका डावी-उजवीकडे पळतोय, आणि शेजारी लिहिलंय की अमुक काम होण्याची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. ज्यांनी लिनक्स वापरलंय ते ही ओळ ओळखतील. दीड मिनिट म्हणजे काहीच नाही, पण रांगेत वीस माणसं आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असेल तर ते फार मोठं असतं. दर वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

ही वाट बघणारा कोण, हे शोधायला मी बसलो आणि तिथेच घसरलो.

कॉम्प्युटर सुरू होताना आधी कर्नल जागा होतो. तो स्वतः तुमची कामं करत नाही. तो एकच प्रोग्रॅम सुरू करतो, त्याचा क्रमांक १, आणि बाजूला होतो. पुढचं सगळं, म्हणजे नेटवर्क, घड्याळ, प्रिंटर, लॉगिन, या एक नंबरच्या प्रक्रियेने उभं करायचं. तिला इनिट म्हणतात. ती मेली तर कर्नल हात वर करतो आणि सगळं यंत्र थांबतं. तुम्ही हे ॲन्ड्रॉइड फोनवर वाचत असाल तर तुमच्या हातातही लिनक्सचाच कर्नल आहे आणि त्यावर क्रमांक एकला इनिटच चालू आहे. फरक इतकाच की तिथे ते तुम्हाला निवडता येत नाही.

आपल्या कॉम्प्युटरवर मात्र निवडता येतं, आणि निवडता येतं तिथे भांडण असतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी सिस-व्ही पद्धतीचं इनिट असायचं. शेल स्क्रिप्टांची चळत, नावापुढे आकडे, त्या क्रमाने एकामागोमाग एक चालवायच्या. २०१० मध्ये लेनर्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं. जे एकमेकांवर अवलंबून नाही ते एकाच वेळी सुरू करा, कोण कुणावर अवलंबून आहे ते लिहून ठेवा, मेलेल्या सेवेला पुन्हा उठवा. कल्पना चांगली होती. पण सिस्टमडी पसरत गेलं. लॉग, लॉगिन, एकेक गोष्ट त्याच्या घरात राहायला आली. २०१२ मध्ये यूडेव्हचा कोडही सिस्टमडीच्या कोडमध्ये विलीन झाला, आणि त्याच वर्षी जेंटूच्या काही लोकांनी त्याची वेगळी चूल मांडली, ईयूडेव्ह. डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ च्या फेब्रुवारीत मतं चार-चार अशी फुटली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. त्या वर्षअखेरीस नाराज मंडळींनी देवुआन नावाचं वेगळं घर बांधायला घेतलं. एका प्रोग्रॅमवरून सख्ख्या भावांच्या वाटण्या व्हाव्यात तसं.

मी हे सगळं रात्री दोनपर्यंत वाचलं आणि माझा पक्ष ठरला. एक काम, एक हत्यार. सिस्टमडी नको. माझ्या केंद्रातल्या दीड मिनिटाला तेच जबाबदार!

(खरी गोष्ट अशी की मी कधीतरी बॅकअपसाठी एक जुनी हार्ड डिस्क लावली होती, तिची ओळख एफएसटॅब फाइलमध्ये लिहिली होती आणि नंतर डिस्क काढून घेतली होती. सिस्टमडी बिचारं मी सांगितलेल्या डिस्कची वाट बघत होतं. त्या ओळीत एक शब्द घातला असता, 'नोफेल', तर दीड मिनिट गेलं असतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं.)

गणपतीच्या सुट्टीत मी डेबियन पुसून अल्पाइन लिनक्स टाकलं. छोटंसं, सुटसुटीत, इनिटसाठी ओपनआरसी. केंद्राचा कॉम्प्युटर पंधरा-वीस सेकंदांत उभा राहायला लागला. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, नवीन घेतला का?" मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

पण एक गोष्ट मी बघितलीच नव्हती. इनिट निवडताना डिव्हाइस मॅनेजरही निवडला जातो.

तुम्ही पेनड्राइव्ह लावता तेव्हा कर्नल ओरडतो, 'काहीतरी आलंय'. ते ऐकून त्या वस्तूला नाव देणं, परवानग्या देणं, लागेल ते सुरू करणं हे डिव्हाइस मॅनेजरचं काम. बहुतेक लिनक्सवर हा मॅनेजर यूडेव्ह असतो. अल्पाइनच्या साध्या मांडणीत तिथे एमडेव्ह असतो, बिझीबॉक्सच्या पोटातला, फार लहान. तो नाव देतो, पण यूडेव्हसारखी सविस्तर ओळख ठेवत नाही.

आमचा काटा आणि फॅट मशीन दोन्ही जुन्या पद्धतीच्या सिरियल केबलचे. कॉम्प्युटरला तसं भोक नाही, म्हणून मध्ये यूएसबीचे दोन कन्व्हर्टर. दोन्ही एकाच दुकानातून घेतलेले, आत तीच सीएच-३४० चिप, आणि या स्वस्त चिपांवर बहुधा वेगळा सिरियल नंबर नसतो. कर्नलसाठी ते जुळे भाऊ. जो आधी दिसेल तो टीटीवाययूएसबी०, दुसरा टीटीवाययूएसबी१. कोण आधी दिसेल याची हमी कुणीच देत नाही. बहुतेकदा क्रम तोच राहतो, आणि हे 'बहुतेकदा'च घात करतं.

डेबियनवर असताना मी यूडेव्हसाठी दोन ओळींचा नियम लिहिला होता: डाव्या पोर्टमध्ये जे आहे त्याला 'काटा' म्हण, उजव्यातल्याला 'फॅट'. प्रोग्रॅम त्या नावांनीच उघडायचा. अल्पाइन टाकताना मी ती नियमांची फाइल काळजीपूर्वक जुन्या जागी नेऊन ठेवली. वाचणारा यूडेव्हच तिथे नव्हता. 'काटा' नावाचं काही दिसेना, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, सकाळी सहाला रांग लागणार होती. मी प्रोग्रॅममध्ये 'काटा' खोडून टीटीवाययूएसबी० लिहिलं. तात्पुरतं. चाललं. मी पुण्याला गेलो.

आक्काला हे मी काय सांगणार होतो?

अप्पांनी संकलन थांबवलं नाही. वही काढली आणि काट्यावरचा लाल आकडा बघून हाताने लिहायला सुरुवात केली. मी आत बसून महिन्याभराच्या नोंदी काढल्या. तीन वेळा हे झालं होतं, तिन्ही वेळा लाईट जाऊन आल्यावर. एकूण ४१ पावत्या. एकाला तर १२.० फॅटची पावती मिळाली होती आणि त्याने ती न बघता खिशात घातली होती. नऊ जणांना उलट जास्त पैसे गेले होते. आणि सात पावत्यांवर मी अडकलो. त्यांत लिटर आणि फॅट दोन्ही साडेतीन ते साडेचारच्या मधले होते. ४.१ आणि ३.९. यातलं दूध कोणतं आणि फॅट कोणतं? वेळेवरून ओळखलं तसं ठीक, पण ज्या मिनिटाला लाईट आली त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन पावत्यांचं शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. रक्कम पाच-दहा रुपयांची. मला त्या रात्री झोप आली नाही ती त्या दोन पावत्यांमुळे.

दुपारची गाडी अर्थातच गेली. संध्याकाळी अप्पांनी रांगेसमोर उभं राहून सांगितलं, "पोराच्या हातनं चूक झाली. आकडं उलटं लागलं. ज्यांचं कमी आलं त्यांचं दहा दिवसांच्या बिलात घालून देणार, ज्यांना जास्त गेलं त्यांच्याकडनं घेणार नाही." तीन हजार चारशेच्या आसपास गेले, घरातून. यूडेव्ह, एमडेव्ह, मतं चार-चार, यातलं काहीही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री फोनच्या हॉटस्पॉटवरून एका कमांडने अल्पाइनवर एमडेव्ह काढून ईयूडेव्ह बसवला. तिथेच पडून असलेली माझी जुनी फाइल लगेच वाचली गेली आणि 'काटा', 'फॅट' ही नावं परत आली. तिथे थांबता आलं असतं. ओपनआरसी आजही मला आवडतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर व्हॉइड आहे, रनइटवर चालणारं, आणि ते मोडलं तर मी रविवारी ते दुरुस्त करत बसतो, मजेत.

दिवाळीत मात्र केंद्रावर मी पुन्हा डेबियन टाकलं, सिस्टमडीसकट. कारण थोडं गमतीशीर आहे. यूडेव्ह सिस्टमडीत विलीन झाला याचा मला सगळ्यात जास्त राग होता, आणि मला जे हवं होतं ते त्या एकत्र असण्यातूनच सरळ मिळत होतं. यूडेव्हच्या नियमात एक खूण टाकली की ती वस्तू सिस्टमडीला दिसायला लागते, आणि मग प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहिता येतं: 'काटा' आणि 'फॅट' दोन्ही हजर असतील तरच सुरू हो, एक जरी गेला तरी बंद हो. चुकीची पावती देण्यापेक्षा पावती न दिलेली बरी. दुसऱ्या इनिटांवर हे जमत नाही असं नाही, पण ती स्क्रिप्ट मी लिहिणार, मीच समजणार, आणि सकाळी सहाला मी नसणार. डेबियन मोडलं तर कऱ्हाडचा दुरुस्तीवाला पोरगाही काहीतरी करू शकतो. प्रोग्रॅममध्ये मी आणखी एक गोष्ट घातली, जी पहिल्या दिवशीच घालायला हवी होती: गाईचं फॅट ६ च्या वर गेलं तर पावती छापायची नाही, हाक मारायची.

नियम पोर्टच्या जागेवर बेतलेला आहे, म्हणजे कुणी झाडताना केबली काढून उलट्या लावल्या तर सगळं पुन्हा तसंच. त्यावर मला काही सुचत नव्हतं. वहिनीने नेलपॉलिश आणून डाव्या पोर्टला आणि काट्याच्या पिनेला लाल ठिपका दिला, फॅट मशीनला गुलाबी. तिच्याकडे दोनच रंग होते.

आक्का अजून येते. पावती हातात आली की खिडकीतून हलत नाही, आधी काट्याकडे बघते आणि मोठ्याने वाचते. "सा पाच. तीन आट." मग किटली उचलते. तिच्या मागचे दोघं-तिघंही आता तसंच वाचायला लागलेत, त्यामुळे रांग थोडी हळू चालते. टेम्पोवाला हॉर्न वाजवतो.