पाटी

जुन्या विमानाच्या गोतावळ्यात आकाराने सगळ्यांत लहान आणि वृत्तीने सगळ्यांत शिष्ट कोण, तर ही पाटी. तळहातात मावेल एवढी. पातळ पत्र्याची, रिव्हेट मारून घट्ट बसवलेली, आणि तीही बहुधा अशा कोपऱ्यात की वैमानिकाने जन्मभर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तरी काही अडू नये. कारखान्याचं नाव, विमानाचा प्रकार, अनुक्रमांक, मर्जी असली तर तारीख. संपलं. पुणेरी पाटी निदान दुपारी बेल वाजवू नका एवढा तरी संवाद साधते. ही तेवढीही जवळीक दाखवत नाही.

पण मान केवढा! विमानाचं इंजिन बदला, पंख बदला, शेपटी नवी बसवा, विमान तेच राहतं. पाटी हलवली की मात्र कागदोपत्री हलकल्लोळ. अमेरिकेत विमान खात्याच्या परवानगीशिवाय कुणी तिला मनाला येईल तेव्हा उचकटू शकत नाही की दुसरीकडे चिकटवू शकत नाही. तिची एक धाकटी बहीण असते, नोंदणीक्रमांकाची पाटी. ती दाराजवळ असावी आणि आगीत न जळणाऱ्या धातूची असावी, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. बाकीचं विमान जळून कोळसा झालं, तरी हिने नाव सांगायला शिल्लक राहायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या ॲल्युमिनियमच्या पाट्यांना मात्र हे अग्निदिव्य झेपायचं नाही. मोठी आग लागली की त्याही इतरांबरोबर वितळायच्या.

रंगाशी तिचं हाडवैर. रंग हा जात्याच बहुरूपी. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटर बॉम्बर घ्या. १९८९ मध्ये नव्याने उडालं तेव्हा नाकावर ‘ऑल अमेरिकन’, पुढे ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, त्यानंतर ‘विचक्राफ्ट’. दर वेळी थाट अस्सल अमेरिकी. पण मुळात हे विमान १९४४ मध्ये टेक्सासातल्या फोर्टवर्थला बांधलं गेलं, ब्रिटिश हवाई दलात गेलं, आणि त्याची नंतरची सगळी नोकरी झाली भारतीय हवाई दलात. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला अशी कितीतरी लिबरेटर टाकून दिली, आणि कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ती मोडूनही ठेवली. एचएएल या विमान कारखान्याच्या माणसांनी त्यांतली चाळीसेक निवडली, उडण्यापुरती ठाकठीक केली, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे नीट डागडुजी झाली आणि १९६८ पर्यंत ती आपल्याकडे राबली. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उभी आहेत, त्यांतली बरीच या कानपुरी भंगारातली आहेत. नाकावर चितारलेल्या चित्रांनी हा पूर्वेतिहास केव्हाच गिळून टाकला. तो शोधायचा तर अनुक्रमांकाचं बोट धरूनच मागे जावं लागतं.

एवढ्या मितभाषी बाईने युद्धात मात्र घरची गुपितं फोडली. दोस्त राष्ट्रांची माणसं पाडलेल्या जपानी विमानांवरच्या पाट्या जमा करत. क्रमांक आणि तारखा शेजारी शेजारी मांडल्या, की कारखान्यातून महिन्याला किती विमानं बाहेर पडतात याचा अंदाज लागे. जपानी कारखाने क्रमांकांत फसवे आकडे घुसडत, पण पुरेशा पाट्या हाती आल्यावर ती लबाडीही उघडी पडे.

तिचा मोठा दोष म्हणजे ती पटकन फितते. विमान पडलं की आधी गायब होते ती हीच, कुणाच्या तरी खिशातून कुणाच्या तरी कपाटात. मग उरलेल्या सांगाड्याला बोलतं करायचं. इथे तिचे गरीब नातेवाईक कामी येतात. कोनाड्यातल्या ब्रॅकेटवर, बिजागरीवर ठोकलेले बारीक आकडे, ज्यांना ती कधी चारचौघांत ओळखही देत नाही. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या आवृत्त्यांना ‘मार्क’ म्हणत. मार्क १ च्या भागांचे क्रमांक ३०० ने सुरू होतात, मार्क ५ चे ३४९ ने, मार्क ९ चे ३६१ ने. नवशिका ३०० पाहिला की नाचू लागतो: मार्क १ सापडलं! नाचू द्यावं. जो भाग बदलला नाही त्याचा जुना क्रमांक पुढच्या विमानांतही तसाच चालू राही, म्हणून मार्क ९ च्या पोटातही ३०० चे भाग भरपूर असतात. साक्ष धरायची ती सापडलेल्या सगळ्यांत नव्या क्रमांकाची. ३६१ चा एक जरी तुकडा त्याच सांगाड्यात घट्ट बसलेला दिसला, की मार्क १ चं स्वप्न तिथेच मिटवायचं. शेजारी तपासनिसाचा ‘सीबीएएफ’ असा शिक्का असला, तर तो भाग कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातला.

विक्रेत्यांना अर्थात एवढा धीर नसतो. मुकुट आणि ‘एएम’ ही अक्षरं असलेली कुठलीही तबकडी त्यांच्या लेखी स्पिटफायरचीच. वास्तविक ‘एएम’ म्हणजे एअर मिनिस्ट्री, ‘६ए’ म्हणजे उपकरणांचा विभाग, ‘५सी’ म्हणजे विजेच्या सामानाचा. तोच स्विच लँकेस्टर बॉम्बरमध्ये, तोच शिकाऊ विमानात. पण शिकाऊ विमानाच्या स्विचला कोण पैसे मोजणार!

पैशांचं म्हणाल, तर पी९३७४ हे स्पिटफायर १९४० मध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूत रुतलं, चाळीस वर्षांनी वर आलं, २०११ मध्ये उडालं आणि २०१५ मध्ये एकतीस लाख पौंडांच्या आसपास विकलं गेलं. असे आकडे ऐकले की पाटीचाही तोल जातो. काही विमानांत खरी फक्त ती असते, बाकी पत्रा काल-परवाचा. आणि बाई अशा तोऱ्यात बसलेल्या असतात, जणू सगळी लढाई त्यांनीच मारली. माझ्या मते एकट्या पाटीवर विश्वास टाकू नये. नातेवाइकांनाही विचारावं. त्यांचं आणि तिचं जुळलं, तरच तिचं म्हणणं धरावं.

आणि एक. आजोबांच्या ट्रंकेत असा एखादा तुकडा निघालाच, तर कृपा करून त्याला पितांबरीने घासू नका. आकडे त्याबरोबर जातील. बाजूने उजेड पाडून फोटो काढा, आणि तो कुठून आला हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. अंधारात चमकणारी जुनी तबकडी असेल, तर ती उघडूही नका. त्या रंगात बहुधा रेडियम असतं.