गच्चीवरची तार

सोसायटीच्या गच्चीवर काही बांधायचं म्हणजे दोन वस्तू लागतात: नायलॉनची दोरी आणि चेअरमनची परवानगी. पैकी दोरी बाजारात मिळते. परवानगी मिळायला मला तीन महिने लागले. चेअरमन माणूस भला, माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "काका, जगातलं हवं ते स्टेशन आता मोबाइलवर येतं. मग ही तार कशाला?" प्रश्न रास्त होता. मी त्याला उत्तर दिलं नाही, चहा दिला.

त्यातून मी वेळही अशी गाठली, की लघुलहरींच्या बाजारातून एकेक दुकान उठत चाललं आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियानं २०१७ च्या जानेवारीत लघुलहरींचा निरोप घेतला, बीबीसीच्या हिंदी कार्यक्रमांनी २०२० च्या जानेवारीत. माझ्याजवळ केंद्रांची एक जुनी वही आहे. तिच्यात आता शाईपेक्षा तांबड्या पेन्सिलीच्या रेघाच अधिक. अशा उठत्या बाजारात मी नवी पिशवी घेऊन निघालो होतो.

लहानपणी आमच्या माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असे. तीच एरियल. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. १९८० च्या दशकात ती कटकट संपली. त्या पट्टीवर सिलोन लख्ख ऐकू येई. गीतमाला १९५२ साली सुरू झालेली, म्हणजे माझ्याहून वडील. सिलोन इतकं स्वच्छ यायचं श्रेय आम्ही त्या पट्टीला देत असू. खरं श्रेय घराचं होतं. घरात विजेचे चार दिवे, आणि तेही मुके. आताच्या घरात एलईडीचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, जो तो आपापल्या परीनं रेडिओत गुरगुरतो.

एरियल जितकी लांब आणि उंच तितकी चांगली, असा एक समज आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर मार्कोनीनं पतंगाला बांधून तार वर चढवली आणि अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकल्याचं सांगितलं, तेव्हा तो समज बरोबरही होता. मार्कोनीच्या शेजारी कुणी मोबाइल चार्जिंगला लावला नव्हता! आजच्या शहरात एरियल काय काय ऐकत नाही, यावरच तिची किंमत ठरते.

मी ३१ मीटरच्या पट्ट्यासाठी तार कापली. ९.६ मेगाहर्ट्झला अर्धी लहर हिशेबानं १५ मीटरच्या आसपास येते. साडेसात-साडेसात मीटरचे दोन हात, मधे पीव्हीसी पाइपाचा तुकडा, तिथून बारीक कोॲक्सियल केबल खाली आमच्या खिडकीत. एक टोक पाण्याच्या टाकीच्या शिडीला, दुसरं बांबूला. ही वर येऊन बघून गेली आणि "गोधडी वाळत घातली तर चालेल ना?" एवढंच विचारलं.

खरी मेख केबलीत असते. घरातला गोंगाट केबलीच्या बाहेरच्या जाळीवरून गुपचूप गच्चीवर चढतो, तारेत शिरतो आणि मग आतल्या राजमार्गानं पाहुण्यासारखा खाली येतो. त्याला जिन्यातच अडवायला फेराइटच्या जाड कड्याभोवती केबलीचे दहा वेढे घेतले. बाल्कनीच्या गजांना बांधलेल्या जुन्या तारेवर सेटचा काटा नुसत्या घरघरीनं सातावर जाई. आता तो तिनाशी पडून असतो, आणि त्या तिनाच्या वर माणसांचे आवाज डोकं काढतात. (वीज कडाडू लागली, की केबल सेटमधून काढायची. हे विसरून चालत नाही.)

हे लिहीत असताना समोरच्या इमारतीवर दिवाळीच्या माळा चढताहेत. दिसायला फार सुंदर. पण प्रत्येक माळेबरोबर एक भुंगाही येतो. काय बोलणार, सण आहे!

आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते. पंखे बंद, म्हणून शेजारीपाजारी त्रासतात. मी मात्र बॅटरीवरचा सेट घेऊन बसतो. गेल्या गुरुवारी साडेपाच वाजले तरी वीज आली नव्हती. १० मेगाहर्ट्झवर चीनमधल्या कालमापन केंद्राचे ठोके लागले. सेकंदाला एक. शान्शी प्रांतातून निघायचं, आकाशातल्या विद्युत्भारित थरावरून परतायचं आणि सुमारे ४००० किलोमीटरवर आमच्या टाकीच्या शिडीशी उतरायचं. त्यात बातम्या नाहीत, गाणी नाहीत. घड्याळ तर मोबाइलमध्येही आहे. पण मोबाइलमध्ये बीजिंग आणि बुधवार पेठ सारख्याच अंतरावर असतात. हा ठोका चढतो, विरतो, बुडाला असं वाटतं, आणि पुन्हा वर येतो. ते मधलं सगळं अंतर कानाला लागतं. चेअरमनला सांगायला हवं होतं ते हे. पण ते चहाबरोबर सांगण्यासारखं नव्हतं, ऐकवण्यासारखं होतं.

तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, न्हाणीतला नळ गळतोय वाटतं."

मी आवाज थोडा वाढवला.