आडवा मुलूख

पेणहून पायी निघावे, नागोठणे, रोहा, कोलाड, माणगाव असे टप्पे घेत निजामपूरमार्गे पाचाडास पोहोचावे आणि रायगड चढून प्रवासाची सांगता करावी, असा आमचा मूळ संकल्प होता. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढाच संसार, मिळेल त्या देवळात वा शाळेच्या ओसरीत मुक्काम आणि होता होईल तो वाहनाचा त्याग, इतकेच त्याचे नियम. या संकल्पाचा खरा धनी माझा आतेभाऊ. ज्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली बदलून रायगड झाले, त्या जिल्ह्यातून चालायचे तर शेवट रायगडावरच झाला पाहिजे, अशी त्याची निष्ठा होती, आणि तिच्याशी वाद घालण्याचे मला काही कारण नव्हते. ते कारण पुढे वाटेनेच पुरवले.

पेण हे गणपतींचे गाव. भाद्रपद कितीतरी दूर असताना, ऐन मार्गशीर्षात, तेथील एका कारखान्यात मूर्तींच्या रांगा भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि एक प्रौढ कारागीर त्यांच्या डोळ्यांची आखणी करीत बसला होता. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून त्याने हात स्थिर केला, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ नाकाकडून कानाकडे एकाच ओढीत नेली. कुंचला उचलला तेव्हाच श्वास सोडला. पेणच्या मूर्तीची कीर्ती साच्यापेक्षा या आखणीवर उभी आहे, हे ती रेघ पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. डोळा पुरा झाल्यावर त्याने आमच्या पिशव्यांकडे पाहून विचारले, "कुठपर्यंत निघालात?" रायगडचे नाव ऐकून तो म्हणाला, "मग हायवेनं जाऊ नका. गाड्या तुम्हाला चालू द्यायच्या नाहीत. गागोद्याकडनं डोंगराच्या कडेकडेनं जा." पळस्पे ते इंदापूर या भागाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला, तेव्हापासून त्या रस्त्यावर पादचाऱ्याला जागा अशी उरलेलीच नाही. आम्ही त्याचा सल्ला मानला.

गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. १९५१ च्या एप्रिल महिन्यात तेलंगणातील पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाल्यानंतर हा पुरुष सुमारे तेरा वर्षे देशभर चालत राहिला. त्यांच्या पदयात्रेत ज्या गावी रात्र पडे ते गावच त्या दिवसाचे गंतव्य असे, आणि तेथल्या माणसांशी बोलणे हेच तेथे पोहोचण्याचे प्रयोजन. गागोद्याच्या शेतांमधून जाताना ही गोष्ट माझ्या मनात घोळू लागली. तथापि आतेभावापाशी मी ती काढली नाही.

ती पुन्हा मनात आली नागोठण्यास. तेथे अंबा नदीवर एक अरुंद दगडी पूल आहे. निजामशाहीच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, चौलच्या काजी अलाउद्दीनाने तो बांधविला, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. आता चौल समुद्रावर, आणि नागोठणे तेथून कितीतरी आत, खाडीच्या शेवटी. तेथील काजीने येथे पूल बांधावा, याचा अर्थ चौलचा माल या वाटेने घाटाकडे चढत होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी आपला घोडा घेऊन चौलास उतरला, तोही पालीवरून सह्याद्री ओलांडून जुन्नरास गेला. पुलाच्या कठड्याशी उभा असता माझ्या ध्यानात आले की, हा सारा मुलूख मुळात आडवा आहे. भोगावती, अंबा, कुंडलिका या नद्या डोंगरातून निघून पश्चिमेस खाडीला मिळतात. गलबते, बैलांचे तांडे, जकातीची नाकी, लष्करे, सर्वांची ये-जा शतकानुशतके याच दिशेने झाली. महामार्ग आणि लोहमार्ग मात्र दक्षिणोत्तर धावतात, प्रत्येक नदीला काटकोनात छेदतात, आणि म्हणून आजच्या प्रवाशाला नदी भेटते ती पुलावरून, क्षणभर. आमचा नकाशाही तसाच दक्षिणोत्तर आखलेला होता.

भिसे खिंड ओलांडून आम्ही मेढ्यास आलो आणि दाट झाडीतून अवचितगड चढलो. गडावरच्या द्वादशकोनी तलावाच्या काठी शिदोरी सोडली. तेथून पुढे माचीवर आल्यावर कुंडलिकेचे खोरे संपूर्ण उलगडते: पूर्वेस कोलाडकडची हिरवी शेते, खाली रोहा आणि अष्टमी ही नदीच्या दोन तीरांवरची गावे, धाटावच्या कारखान्यांची धुरांडी, आणि पश्चिमेस रुंदावत, वळसे घेत रेवदंड्याच्या दिशेने गेलेले पाणी. मी म्हणालो, "रोह्याहून कोलाडला न वळता आपण या पाण्याबरोबर खाली जाऊ. एक तरी नदी समुद्रापर्यंत नीट पाहू."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "निघताना रायगड ठरला होता. आज तुला नदी सापडली, उद्या पाय दुखले की आणखी काही सापडेल. मग ठरवण्याला अर्थ काय?"

हा आक्षेप पोकळ नव्हता. प्रवासाच्या मध्यावर शरीर शिणलेले असते आणि शिणलेले शरीर बुद्धीला हवी तितकी सुंदर कारणे पुरवते. म्हणून मी स्वतःला विचारले की, नवी वाट जुनीपेक्षा सोपी आहे काय? ती सोपी नव्हती. खाडीकाठी सावली नाही, गोड्या पाण्याची खात्री नाही. शिवाय रायगडाबद्दलची माझी भक्ती त्याच्याहून तसूभरही उणी नव्हती. किंबहुना उरकलेल्या टप्प्यांच्या यादीतील अखेरची ओळ म्हणून त्या गडावर जावे, हेच मला रुचत नव्हते. त्याच्यासाठी स्वतंत्र यात्रा करावी, असे मी त्याला मनापासून सांगितले.

आतेभावाचे आयुष्य विजेच्या कामात गेले आहे. त्याची नजर खालच्या पात्रावर खिळली होती. "हे सगळं पाणी कुंडलिकेचं नाही," तो म्हणाला, "यात मुळशीचं पाणी आहे. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं." मुळशीच्या तलावातील पाणी डोंगर पोखरून कोकणात सोडले, त्यावर टाटांनी मुंबईसाठी वीज निर्माण केली, आणि वीजघरातून सुटलेल्या त्या पाण्याने कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहिली, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी याच खोऱ्यात दुबार भात पिकवला. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला जायचे, ते अरबी समुद्राकडे वळले. त्या वळणाची किंमत मुळशी पेट्यातील मावळ्यांनी दिली. १९२१ साली सत्याग्रह मांडून, सेनापती बापटांसह तुरुंग भोगूनही त्यांच्या जमिनी बुडाल्याच. हे बोलताना आतेभावाचा स्वर जड झाला. मग तो उठला आणि म्हणाला, "चल, ते पाणी जातं कुठं ते बघू. रायगडला माघात जाऊ, आणि तेव्हा पाचाडला एक दिवस जास्त राहू." त्याने घातलेली ही अट मी तत्काळ मान्य केली.

रोह्यात आम्ही एक रात्र राहिलो. ग्रामदैवत धावीर महाराजांचे दर्शन घेतले. दसऱ्यानंतर यांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या गावात वाढले, पांडुरंगशास्त्री आठवले येथे १९२० साली जन्मले. हे वाचून ठाऊक होते, पण आमचे चित्त नदीकडे लागले होते.

चणेऱ्याच्या दिशेने थोडे उतरताच पाण्याला खारट वास येऊ लागला आणि शेताच्या कडेने मातीचे उंच बांध दिसू लागले. भरतीचे पाणी अडवून खाजणात भात पिकवण्याची ही कोकणची प्राचीन विद्या. कुलाब्यात शिलोत्री पद्धतीने अशा जमिनी दिल्या जात, त्यांच्या रक्षणाची जबाबदारी शिलोत्रदारावर असे, आणि १९४८ च्या खारजमीन कायद्याने सरकार त्या कामात उतरले. एका बांधावर एक वृद्ध शेतकरी खेकड्यांनी पोखरलेली भोके चिखलाने बुजवीत होता. आम्हाला पाहून त्याने प्रथम विचारले, "जमीन बघाय आलाव काय?" नाही, रेवदंड्याला चालत निघालोय, हे ऐकून त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने आम्हाला उघाडी दाखवली: बांधाच्या पोटातील लाकडी दार, जे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने घट्ट बसते. आतेभाऊ गुडघ्यावर बसून त्या दाराच्या फळ्या, बिजागऱ्या, झिजलेली चौकट एकाग्रतेने तपासत राहिला. "एक बोटाचं भोक सोडलं," म्हातारा म्हणाला, "तर उधाणाला खांड पडते बाबा. मग तीन-चार वर्षं भात नाही, मीठ उतरेस्तोवर. पूर्वी हाक मारली की सगळा गाव घमेली घेऊन यायचा. आता पोरं कंपनीत."

आम्ही पिशव्या उतरवून ठेवल्या आणि त्याला चिखल पुरवू लागलो. दुपारच्या भरतीच्या आत उरलेली भोके बुजायला हवी होती. तेव्हा रेवदंड्याचा विचार उद्यावर टाकून मुक्काम चणेऱ्यासच करावा, असे आतेभावाने परस्पर जाहीर केले.