टोकाचा तंगूस

गळाने मासे धरणाऱ्याचा रॉड लोकांच्या नजरेत भरतो, रीलचा आवाज कानावर येतो, माशाचा फोटो निघतो. दोऱ्याच्या टोकाला असलेल्या तुकड्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. रीलवरची लाइन आणि गळ यांच्यामध्ये बांधलेला हा जाड, टणक तुकडा म्हणजे लीडर. माशाचे दात, कल्ल्याची धार, शेपटीचे फटके, खडपावरची कालवं आणि अखेरीस मासा होडीला लावणाऱ्याच्या हाताची ओढ, हे सगळं तोच सोसतो. वांद्र्यात वाढलेल्या एका गळवाल्याला या तुकड्याने लहानपणी जे वेड लावलं, ते साठी उलटल्यावरही उतरलेलं नाही.

तो वाढला वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत. वडील मंत्रालयात कारकून. घरात समुद्राचा संबंध बाजारातून आणलेल्या बोंबलांपुरता. पण रविवारी रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की कार्टर रोडच्या उत्तर टोकाला खारदांडा, आणि तिथे होडीच्या सावलीत गळ बांधत बसलेला एक म्हातारा कोळी. मुलगा त्याला बाबा म्हणायचा. बाबाकडे रॉडही नव्हता आणि रीलही. लाकडी फळीला गुंडाळलेला दोर होता. त्याच्या टोकाला एक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा, दुप्पट जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधलेला असे. प्रत्येक मासा काढल्यावर बाबा तो तंगूस अंगठ्याच्या नखावरून हळू ओढायचा. कुठे किंचित खरखर लागली की तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधायचा.

‘‘दोर कितीबी लांब असू दे, पोरा, झिजतो तो टोकालाच,’’ तो म्हणायचा.

या किनाऱ्यावर लीडर निवडायचा तर आधी पाणी आणि खडक बघावे लागतात. माहीमच्या उपसागरात मिठी नदी येऊन मिळते, पावसाळ्यात सगळा किनारा गढूळ होतो आणि उरलेल्या वर्षातही पाणी क्वचितच निवळ असतं. दोरा दिसू नये म्हणून जादा पैसे मोजायचं इथे काही कारण नाही. बँडस्टँड आणि लँड्स एंडची काळी खडपं मात्र कालवांनी भरलेली असतात. माशाने एकदा कपारीत तोंड घातलं की बारीक दोरा तिथेच चिरला जातो. म्हणून इथे हवी ती जाडी.

मग माशाचं तोंड बघायचं. जिताड्याला मोठे दात नाहीत, पण त्याचा जबडा काचकागदासारखा खरखरीत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. त्याच्यासाठी जाड नायलॉन पुरतो. सुरमई आणि वाम यांची गोष्ट निराळी. त्यांचे दात नायलॉन एका झटक्यात तोडतात, तिथे पोलादी तार लागते. पण तार ताठ असते, आमिषाची चाल बिघडवते आणि एकदा मुरगळली की त्या जागी मोडते. म्हणून ती लागेल तिथेच आणि लागेल तेवढीच वापरावी.

कॉलेजच्या दिवसांत जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला हेन्री सलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ सापडलं. थॉमस मद्रास प्रांतातला सनदी अधिकारी, आणि पुस्तक १८७३ सालचं. त्या काळी गळाजवळचा तुकडा रेशीमकिड्याच्या आतड्यापासून, खरं तर त्याच्या रेशीमग्रंथीपासून, ओढून काढलेला असे. त्यातला नावाजलेला माल स्पेनच्या मुर्सियातून येई. एकेक धागा हात-दीड हातापेक्षा लांब नसे, म्हणून अनेक धागे गाठींनी जोडावे लागत. आणि ते वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करावे लागत, नाहीतर गाठीपाशीच तुटत. १९३८ मध्ये द्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केला आणि या किचकट कामातून गळवाले सुटले. दांड्याच्या बाबाचा तंगूस हा त्याच नायलॉनचा वंशज. आज कुणी नायलॉनला जुनाट म्हणालं की या माणसाला राग येतो. त्याच्या मते गळाच्या मासेमारीत त्या तोडीचा दुसरा बदल झालेलाच नाही.

मधली काही वर्षं पवई तलावावर गेली. तिथे कटला आणि रोहू. दोघांच्या तोंडात दात नाहीत, त्यामुळे लीडरचा प्रश्नही फारसा नाही. तिथे तो गाठी शिकला. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करायची, कारण कोरड्या घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच दुबळा पडतो, ही सवय त्याला पवईने लावली.

आणि मग अंदमान. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, तो पहिल्यांदा गेला तेव्हा वांद्र्याचं बहुतेक शहाणपण तिथे नव्याने तपासावं लागलं. पाणी काचेसारखं नितळ, खाली प्रवाळ, आणि प्रवाळाच्या कडेला जायंट ट्रेव्हली. आपल्याकडच्या कोकराच्या कुळातला हा मासा किती वाढावा? विक्रमी नोंद जपानच्या तोकारा बेटांवरची आहे, २००६ सालची, ७२.८ किलोंची. पाण्यावर उड्या मारणाऱ्या लाकडी पॉपरवर तो तुटून पडतो, आणि गळ लागला की थेट प्रवाळाकडे सुटतो.

इथे रीलवर विणलेली ब्रेडेड लाइन असते. जाडीच्या मानाने तिची ताकद अचाट, पण ती जवळपास ताणलीच जात नाही, आणि खडकाला घासली की ती धाग्याधाग्याने उकलते. म्हणून तिच्यापुढे दीड-दोन वाव लीडर. पॉपरसाठी तो नायलॉनचा घेतात, १३० ते २०० पौंडांचा, म्हणजे ५९ ते ९१ किलोंचा ताण सोसणारा. नायलॉन ताणला जातो, म्हणून माशाचा पहिला हिसका तो पचवतो. शिवाय तो फ्लुरोकार्बनपेक्षा हलका, त्यामुळे पॉपरचं नाक पाण्याखाली ओढत नाही. तळाशी जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, सोडून डॉगटूथ ट्यूना धरायचा तर अनेक जण फ्लुरोकार्बन निवडतात. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये त्याचा लीडर बाजारात आणला. तो पाण्यात झपाट्याने बुडतो, त्याचा पृष्ठभाग कडक असतो आणि प्रकाश त्यातून जवळपास पाण्यासारखाच वळत असल्याने तो कमी दिसतो. शिवाय नायलॉन पाणी शोषून थोडा नरमतो, हा शोषत नाही.

ब्रेड आणि लीडर यांचा सांधा म्हणजे एफजी नॉट. त्याला या गाठीचं प्रेम आहे, दुसरा शब्द नाही. ब्रेड ताणून धरायची आणि लीडर तिच्यावरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फिरवत वीसेक वेढे घालायचे. वेढे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत. मग अर्धगाठी मारून ते बंद करायचे आणि सगळ्या जोराने ओढायचं. ब्रेड लीडरच्या अंगात रुतते आणि तिचा रंग गडद होतो. तो गडदपणा दिसला नाही तर गाठ कापून पुन्हा सुरुवात. यात लीडरला पीळ किंवा मोड पडत नाही, म्हणून त्याची ताकद शाबूत राहते आणि सांधा रॉडच्या कड्यांतून अडखळल्याशिवाय जातो. हलत्या होडीत, घामेजल्या बोटांनी हे जमायला त्याला फार काळ लागला.

मार्लिनच्या मासेमारीत तर गाठही मागे पडते. तीन-चारशे पौंडांच्या पुढचा नायलॉन इतका जाड की गाठ नीट आवळतच नाही. मग धातूच्या छोट्या नळीत दोन्ही पदर घालून ती पकडीने दाबतात. कडांना मात्र दाबायचं नाही, नाहीतर नळीच दोरा कापते. आल्फ्रेड ग्लासेलने ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूच्या काबो ब्लांकोला १,५६० पौंडांचा काळा मार्लिन धरला. तो विक्रम अजून टिकून आहे. असा मासा जवळ आला की होडीवरचा सोबती हातमोजे घालून लीडर हाताने धरतो. तळव्यावर घेतलेले वेढे ऐन वेळी सुटले नाहीत तर मासा त्यालाच पाण्यात खेचतो.

१९३९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचा समुद्रासाठी नियम असा: लाइन २० पौंडांपर्यंतची असेल तर लीडर १५ फुटांहून लांब नको, त्यापुढच्या लाइनला ३० फुटांहून लांब नको. मर्यादा लांबीवर आहे, ताकदीवर नाही. विक्रमाचा वर्ग ठरतो लाइनवरून. लीडर हवा तेवढा मजबूत घ्या.

या मुभेचा फायदा प्रत्येकाने घ्यावा, असं वांद्र्याचा हा गळवाला पोटतिडकीने सांगतो. बारीक लाइनवर मासा तास-तास झुंजवण्यात त्याला पुरुषार्थ वाटत नाही. दमून निपचित झालेला मासा पाण्यात सोडला तरी जगेलच असं नाही, आणि कमजोर लीडर तुटला तर मासा तोंडात तीन आकड्यांचा गळ घेऊन निघून जातो. जाड लीडर आणि त्याला शोभेल अशी लाइन असेल तर झुंज लवकर संपते, लीडरला धरून मासा होडीशी स्थिर करता येतो आणि त्याला वर न काढता गळ सोडवता येतो. प्रवाळाच्या कडेचा मोठा ट्रेव्हली वाढायला बरीच वर्षं लागतात. त्याला परत पाठवायचं ठरवलं असेल तर त्याची तयारी घरी लीडर कापतानाच करावी लागते.

कापलेले तुकडे तो डबीत ठेवतो. बँडस्टँडच्या खडपांत अडकलेला तंगूसही ओहोटीला सोडवून आणतो, कारण तो कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकला की पाय तोडूनच निघतो.

हल्ली कार्टर रोडवर भेटलेली दोन-तीन तरुण मंडळी त्याच्या घरी येतात. जाहिराती पाहून महागडं फ्लुरोकार्बन घेऊन आलेल्या मुलाला तो सांगतो की वांद्र्याच्या गढूळ पाण्यात याची गरज नाही. साठ पौंडांचा साधा नायलॉन घे आणि उरलेल्या पैशांत चांगले गळ. त्यांच्यातली एक मुलगी एफजी शिकते आहे. खिडकीच्या गजाला लीडर बांधून, ब्रेड ताणकाट्याच्या आकड्याला गुंडाळून ते गाठींची परीक्षा घेतात. गेल्या वेळी तिची गाठ हलली नाही, ब्रेडच वर तुटली. त्याने भिंगाखाली वेढे पाहिले, त्यातला एक दुसऱ्यावर चढलेला तिला दाखवला, आणि रीलवरून नवी ब्रेड काढून तिच्या हातात दिली.