तंबोऱ्याची कसोटी : मैफलीच्या खाजगी ध्वनिमुद्रणासाठी उपकरणांची निवड

रागसंगीताच्या मैफलीचे खाजगी ध्वनिमुद्रण, म्हणजे व्यावसायिक यंत्रणेच्या बाहेर एखाद्या श्रोत्याने स्वतःच्या अभ्यासासाठी आणि पुन्हा ऐकण्यासाठी केलेले ध्वनिमुद्रण, हे महाराष्ट्रातील संगीतव्यवहाराचे जुने अंग आहे; त्यासाठी उपकरण कोणते घ्यावे हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याचे उत्तर संगीतातच शोधावे लागते. १९०२ साली भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाल्यापासून कित्येक दशके ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि गायकाला राग तेवढ्यात आटोपावा लागे. त्यामुळे विलंबित लयीतला बडा ख्याल पाऊण-एक तास कसा उलगडत जातो, हे आज ज्या ध्वनिमुद्रणांतून कळते, त्यांत श्रोत्यांनी, आयोजकांनी आणि शिष्यांनी स्पूल टेपवर केलेल्या ध्वनिमुद्रणांचा वाटा मोठा आहे. याउलट अल्लादिया खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रणास संमती दिली नाही आणि १९४६ साली ते निवर्तल्यावर त्यांचा आवाज मागे उरला नाही. त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीच्या अभ्यासकाला ही उणीव कितीही जाणवली, तरी तो नकार कलाकाराचाच होता, हे विसरून चालत नाही.

म्हणूनच असे ध्वनिमुद्रण बिनबोभाट असावे असे म्हणताना त्या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागतो. उपकरण कोणाच्या डोळ्यांत भरू नये, शेजारच्या श्रोत्याच्या रसभंगाचे कारण होऊ नये आणि मंचावरच्या कलाकाराला त्याचे भान राहू नये, हा त्याचा योग्य अर्थ होय. कलाकारापासून ते लपवावे, हा अर्थ त्यात बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा सादरीकरणावरील हक्क मान्य झाला, आणि हा हक्क आज ५० वर्षे टिकतो. त्याच कायद्याच्या ३९व्या कलमानुसार, ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या खाजगी उपयोगासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही; तथापि आयोजकाने प्रवेशाच्या अटींत मनाई केली असेल किंवा कलाकाराने नको म्हटले असेल, तर कायद्यातील या सवलतीचा आधार घेऊन खिशात यंत्र दडवणे हे मैफलीच्या रीतीला धरून नाही. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी बसण्याची वेगळी जागाच नेमून दिली. संमती उघडपणे मिळाली की उपकरण लपवण्याची चिंता सरते आणि सारे लक्ष ध्वनीच्या गुणवत्तेकडे वळते, हे त्या प्रथेवरून दिसून येते.

प्रस्तुत लेखकाचा या क्षेत्रातील अनुभव कॅसेटच्या काळापासूनचा आहे, आणि पुढील विवेचन बहुतांशी त्या अनुभवावर आधारलेले आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे, आणि ख्याल विलंबितातून द्रुताकडे वळण्याच्या सुमारासच बाजू उलटण्याची वेळ येई. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत इतकी पातळ असे की ती गुंतण्याची धास्ती कायम राही. परंतु याहून गंभीर दोष वेगाचा होता. कॅसेटच्या गतीत एक टक्का फरक पडला, तर स्वर सुमारे १७ सेंटने सरकतो. सेंट म्हणजे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म माप असून एका सप्तकाचे १२०० सेंट होतात. आपल्याकडील श्रुतिविचारात ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ते अंतर सुमारे २२ सेंटचे आहे, म्हणजे दीड टक्क्याहून कमी चूकही एका श्रुतीइतकी भरते, आणि सहा टक्क्यांच्या चुकीत पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो. लेखकाच्या एका सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात नेमके हेच घडले. सेल उतरत गेल्यामुळे मुद्रण होत असताना फीत हळूहळू मंदावली, आणि घरी योग्य गतीने ऐकताना मैफल जसजशी पुढे सरकली तसतसा तंबोरा चढत गेला. गायकाचा षड्ज ढळलेला नव्हता, तरी ती फीत ऐकणाऱ्याला तो ढळल्यासारखाच वाटला असता. १९८४ साली आलेल्या सोनीच्या डब्ल्यूएम-डी६सी या वॉकमन प्रोफेशनलमध्ये फितीची गती क्वार्ट्झच्या स्पंदनाशी बांधलेली होती, आणि श्रुतीचा विचार करणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने त्या यंत्राचे मोल प्रामुख्याने याच सोयीत होते.

१९९२ मधील टीसीडी-डी७ सारख्या सुटसुटीत डॅट यंत्रांनी, म्हणजे फितीवरच पण अंकांच्या रूपात ध्वनी साठवणाऱ्या रेकॉर्डरांनी, गतीचा प्रश्न मिटवला आणि दोन तासांची सलगता दिली. त्याच वर्षी आलेली मिनिडिस्क आणखी लहान होती, पण ती जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही अंश गाळत असे. मेमरी कार्डवर मुद्रण करणाऱ्या आजच्या रेकॉर्डरांमुळे हे दोन्ही टप्पे मागे पडले आहेत. मात्र यंत्र बदलले, तरी त्याला लावायची कसोटी बदललेली नाही, आणि ती कसोटी तंबोऱ्याची आहे.

तंबोरा हा मैफलीतील सर्वांत हळू आणि सर्वांत अखंड ध्वनी होय. जवारी लावलेल्या तारेतून निघणारे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीत वर उमटणारे सूक्ष्म स्वर, ज्या यंत्राला टिपता येतात आणि त्याच वेळी तबल्याची थाप किंवा तारसप्तकातील तान ज्याला फाटू न देता पेलता येते, ते यंत्र या संगीताला पुरे पडते. स्वस्त रेकॉर्डरांत आणि बहुतेक मोबाइल फोनांत मुद्रणाची पातळी आपोआप जुळवण्याची सोय असते. तिला ऑटो लेव्हल म्हणतात. ध्वनी लहान झाला की यंत्र तो वाढवते, मोठा झाला की दाबते, आणि भाषण किंवा मुलाखत टिपताना हे उपयोगी पडते. लेखकाने एका लहान सभागृहातील, ध्वनिवर्धकाशिवाय झालेली मारव्याची मैफल अनवधानाने या सोयीवर मुद्रित केली. मारव्यात षड्ज दीर्घकाळ टाळला जातो, ऋषभ-धैवतावर रेंगाळत ताण वाढत राहतो, आणि अखेर षड्ज येतो तेव्हा त्याला आधीच्या शांततेमुळे वजन लाभते. त्या ध्वनिमुद्रणात गायक थांबला की दीड-दोन सेकंदांत तंबोरा भरतीसारखा फुगून वर येतो, त्याच्याबरोबर पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतील खोकला येतो, आणि षड्ज लागतो त्या क्षणी यंत्र सारे काही खाली दाबत असल्याने त्या स्वराचा आरंभच गिळला जातो. रागाने ज्यासाठी अर्धा तास वाट पाहायला लावली, तो स्वर इतर स्वरांच्याच उंचीचा होऊन बसला. ही हानी नंतर कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने भरून काढता येत नाही. म्हणून पातळी हाताने ठरवता येणे ही उपकरणाच्या निवडीतील पहिली अट मानावी लागते.

दुसरी अट यंत्राच्या स्वतःच्या आवाजाची आहे. प्रत्येक माइक आणि त्यामागचा प्रवर्धक, म्हणजे क्षीण विद्युत्संकेत वाढवणारा भाग, स्वतःचा एक बारीक फुसफुसाट निर्माण करतो, आणि तो तंबोऱ्याहून बराच खाली असावा लागतो. १६ बिटांच्या मुद्रणात सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या ध्वनीमध्ये सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, तर २४ बिटांत ते गणिताने १४४ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षातील विद्युत्-मंडले तेथवर पोहोचत नसली, तरी २४ बिटांचा खरा लाभ असा की पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. तबलजी हातोडीने तबला मिळवतो तेव्हा मोठे ठोके पडतात, त्या वेळी दर्शकाचा काटा कमाल मर्यादेच्या १२ ते १५ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठरवावी आणि पुढे तिला हात लावू नये, हा लेखकाचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. अलीकडच्या काही रेकॉर्डरांत ३२ बिट फ्लोट ही पद्धत आली असून तीत पातळी आधी ठरवण्याची गरज जवळजवळ उरत नाही. परंतु माइकचा स्वतःचा फुसफुसाट तिने कमी होत नाही, म्हणून खर्च करायचा तर तो आधी माइकवर करावा.

माइक अनेकदा रेकॉर्डरमध्येच बसवलेले असतात, आणि बैठकीत लहानशा तिवईवर यंत्र ठेवता येत असेल, तर ते पुरतात. सभागृहात मात्र शर्टाच्या गुंडीएवढ्या इलेक्ट्रेट माइकांची जोडी अधिक सोयीची ठरते. इलेक्ट्रेट म्हणजे ज्याच्या पडद्याजवळ कायमचा विद्युत्प्रभार साठवलेला असतो असा माइक, आणि त्याला लागणारा थोडासा विद्युत्-दाब रेकॉर्डरच्या माइक-सॉकेटमधूनच मिळतो. चहूकडून सारखेच ऐकणारा ओम्नी माइक तंबोऱ्याचा आणि डग्ग्याचा खर्ज नैसर्गिकपणे टिपतो, तर समोरचे अधिक ऐकणारा कार्डिऑइड माइक श्रोत्यांची कुजबुज काही अंशी टाळतो. बैठकीत ओम्नी आणि मोठ्या सभागृहात कार्डिऑइड, असा स्थूल नियम सांगता येईल. तथापि माइकच्या प्रकाराहून जागेचे महत्त्व अधिक आहे: कलाकारापासून दूर जाताना असे एक अंतर येते की तेथे सरळ येणारा आणि भिंतींवरून परतणारा ध्वनी समसमान होतो, आणि त्याच्या पलीकडे कोणतेही महागडे यंत्र शब्दांची स्पष्टता परत आणू शकत नाही. म्हणून दोन्ही ध्वनिवर्धकांच्या मधोमध, चौथ्या-पाचव्या रांगेतील आसन मिळवणे हाही उपकरणनिवडीचाच भाग समजावा.

उपकरण मैफलीत न जाणवण्याच्या दृष्टीने काही बाबी दुकानातच पाहून घ्याव्यात. मुद्रण चालू असल्याचा लाल दिवा आणि पडद्याचा प्रकाश बंद करता येतो का, कळ दाबताना टक् असा आवाज होतो का, आणि चुकून हात लागला तरी मुद्रण थांबू नये म्हणून कळा कुलूपबंद करता येतात का, हे तपासावे. अंधाऱ्या सभागृहात एवढासा लाल ठिपकाही मागच्या रांगेतील श्रोत्याला तासभर टोचत राहतो. खादीच्या कुडत्यावर लावलेला माइक प्रत्येक श्वासागणिक सरसरतो. तोच खांद्यावरच्या पिशवीच्या रुंद पट्ट्यावर लावला, तर शांत राहतो. बैठकीत यंत्र थेट जमिनीवर ठेवल्यास डग्ग्याचे हादरे फरशीतून शिरतात आणि त्याच्याखाली चौघडी शाल घातल्यास ते बरेच थांबतात. मोबाइल विमान-स्थितीत ठेवावा, अन्यथा त्याच्या लहरी जवळच्या वायरीत शिरून मुद्रणात टरटर उमटवतात. टाळ्या ही श्रोत्याची दाद असते, परंतु शेजारच्या आसनावरची टाळी माइकच्या दृष्टीने मंचावरच्या तबल्याहून मोठी ठरते, आणि पातळीत राखलेली मोकळीक तेथे कामास येते.

विजेच्या बाबतीत दोन पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र लेखकाला अंतर्गत बॅटरीच्या यंत्राहून अधिक भरवशाचे वाटत आले आहे, कारण मध्यंतरात सेल बदलता येतात. डब्ल्यूएव्ही, म्हणजे काहीही न गाळता ध्वनी साठवणाऱ्या स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. अनेक यंत्रांत एका फाइलची मर्यादा दोन जीबी असल्याने दोन तासांनंतर यंत्र दुसरी फाइल सुरू करते. हा सांधा बिनतुटीचा आहे की मध्ये एखादी मात्रा गळते, हे पाहण्यासाठी नवे यंत्र घरी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासमोर अडीच तास चालू ठेवून सांध्याची जागा कानांनी तपासावी. मुद्रण थांबवण्यापूर्वीच वीज गेली, तर पुष्कळ यंत्रांत फाइल नीट बंद होत नाही आणि सारी मैफल उघडेनाशी होते. घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या जागी प्रती कराव्यात आणि फाइलीच्या नावात दिनांक, स्थळ, कलाकार, साथीदार, राग व ताल नोंदवावेत. नावाविना राहिलेले ध्वनिमुद्रण दहा वर्षांनी मुद्रण करणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

संमतीच्या संदर्भातील एक अनुभव येथे नोंदवणे आवश्यक आहे. एका ज्येष्ठ गायिकेच्या घरगुती मैफलीपूर्वी लेखकाने रेकॉर्डर त्यांच्या हातात देऊन परवानगी मागितली. ताईंनी तो उलटसुलट पाहिला, कोठे बसणार ते विचारले, आणि पहिली प्रत आपल्याला मिळावी व ती इतरांना देऊ नये, या दोन अटींवर होकार दिला. पाच दिवसांनी प्रत ऐकून त्यांनी कळवले की बड्या ख्यालानंतर गायलेली बंदिश गुरूंनी केवळ त्यांच्यासाठी दिली होती, भरात ती ओठांवर आली, तरी ती मुद्रित स्वरूपात राहू नये. ती अकरा मिनिटांची होती, आणि तिचा अंतरा लेखकाने त्यापूर्वी कोठेही ऐकलेला नव्हता. दोन्ही ठिकाणच्या प्रतींतून तेवढा भाग काढून टाकण्यात आला. त्या ध्वनिमुद्रणात आता ख्यालाची शेवटची सम येते, वाहवा ओसरते, आणि दोन तंबोरे सुमारे वीस सेकंद चालू राहतात. त्यांतल्या एकाची मंद्र षड्जाची तार किंचित उतरलेली असून शिष्या ती हळूच वर आणते, तेही स्पष्ट ऐकू येते, आणि दोन्ही तंबोरे पुन्हा जुळतात तेथे फाइल संपते.