पोराच्या नावाचा टाका

मुलीसाठी काही शिवायला टाकायचं असलं की आमच्या पिंपळगाव राजात आई, आजी आणि मावशी अशा तिघी मिळून माझ्याकडे येतात. कापडाचा रंग, गळ्याचा घाट, बाहीवरची वेल, सगळ्यावर मनसोक्त चर्चा होते. मुलासाठी बहुधा एकटा बाप येतो, तोही शाळेची पँट आखूड झाली म्हणून. वाढदिवस असला तर खामगावहून रेडिमेड ड्रेस नाहीतर बॅटरीवरची गाडी आणली की विषय संपला. ‘पोट्ट्याले भरतकाम कायले पायजे वं बाई?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. शिवणकाम आणि मशीनवरचं भरतकाम हा माझा व्यवसाय. त्यातही मुलग्यांसाठी नाव टाकून केलेल्या भेटवस्तू हे आता माझं मुख्य काम झालं आहे.

मुलग्यांच्या अंगावर भरतकाम ही काही शहरातून आलेली टूम नव्हे. बाळंतविड्यातली कुंची आठवा. डोक्यामागे चुण्या, हनुवटीखाली बंद, पाठीवर मोकळं सुटलेलं कापड आणि कडेने लेस किंवा टिकल्या. ती शिवताना मुलगा की मुलगी हे कोणी विचारत नसे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला मुलग्यालाही काळं झबलं घालतात, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची नक्षी असते आणि हलव्याचे दागिने चढतात. मुंजीतल्या बटूच्या उपरण्याला जरीचा काठ लागतो. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल पडते, तिच्यावर तर घरातल्या बायांनी जीव ओतलेला असतो. म्हणजे बैलाला नक्षी चालते, तान्ह्याला चालते, बटूलाही चालते. मग शाळेत जाणाऱ्या पोराच्या वाट्याला कार्टूनचं छापील चित्र तेवढं का यावं? तेही चार धुण्यांत तडकून सोलून निघतं. माझ्या मते रेडिमेड कपडा स्वस्त झाला तेव्हा मुलींचं शिवणं टिकलं आणि मुलग्यांचं सुटलं, इतकंच झालं आहे.

मुलग्याच्या वस्तूवर त्याचं नाव असावं आणि ते देवनागरीत असावं, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडची बहुतेक पोरं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकतात ते याच लिपीत. पण मशीनमध्ये आयती भरून येणारी अक्षरं बहुधा इंग्रजी असतात, त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाला न विचारताच इंग्रजी नाव काढून मोकळा होतो. देवनागरी नाव मशीनवर नीट काढणं हे कसबाचं काम आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून इथे जरा खोलात जाते.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, खाली उकार, वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. मशीनचा सॅटिन टाका म्हणजे दोरा एका काठावरून दुसऱ्या काठावर सतत येत-जात भरत राहतो. दोऱ्याला ताण असतो, त्यामुळे तो कापडाला आत ओढतो. शिरोरेषा आडवी असल्याने तिचे टाके वर-खाली पडतात आणि भरून झाल्यावर ती उंचीला बारीक होते. पडद्यावर अक्षराचा माथा रेषेला नुसता टेकलेला दिसला, तर कापडावर तिथे फट पडलीच म्हणून समजा. म्हणून मी प्रत्येक अक्षराचा माथा रेषेच्या निम्म्या जाडीपर्यंत आत घुसवते. टाक्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी सगळी अक्षरं आणि उकार, मग त्यांच्या माथ्यांवरून एका दमात शिरोरेषा आणि शेवटी वेलांट्या, मात्रा आणि रफार, ज्यांची सुरुवात रेषेच्या आतूनच होते. शिरोरेषेखाली आधी विरळ टाक्यांचं अस्तर घालावं लागतं, नाहीतर ती कापडात बसते. भरीव टाक्यांत दोन ओळींमधलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर ठेवते, पातळ मलमलीवर थोडं जास्त. सॅटिन टाक्याची पट्टी एक मिलिमीटरपेक्षा अरुंद असली तर सुई एकाच जागी टोचून कापड फाडते, आणि सातच्या वर रुंद झाली तर दोरे लांब सुटतात. पोराच्या दप्तराला लांब दोरे म्हणजे बेंचच्या खिळ्यात अडकायला आमंत्रणच.

ध, भ, थ, क्ष यांच्यातली पोकळी ही दुसरी अडचण. कागदावर ती गोड दिसते, दोऱ्यात बुजून जाते. तिथे अक्षराचं पोट मुद्दाम मोठं काढावं लागतं. एक सेंटिमीटरपेक्षा लहान नाव मी घेतच नाही. फारच आग्रह झाला तर 40 नंबरच्या नेहमीच्या दोऱ्याऐवजी 60 नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई घालून करते. जोडाक्षरांची गोष्ट वेगळी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की ‘ज्ञानेश्वर’मधला श्व फुटून पाय मोडलेला श आणि सुटा व होतो, वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. त्यामुळे नाव आधी चित्र म्हणून घ्यायचं आणि त्यावर एकेक पट्टी स्वतः आखायची. या आखणीला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. तयार वळणांपैकी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘बालू’ हा टंक मला मुलग्यांच्या नावांसाठी फार आवडतो. तो कोणालाही मोफत वापरता येतो. त्याच्या रेषा जाड आणि टोकं गोल आहेत, सॅटिन टाका त्यावर अगदी तब्येतीत बसतो. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ संगणकामुळे घरोघरी पोचला, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी आहे. दोऱ्याला त्याच्या रेषा बारीक पडतात.

संगणकाची मशीन नसेल त्यांनी मन छोटं करू नये. साध्या पायाच्या मशीनचा प्रेशर फूट काढायचा, दाते खाली घ्यायचे किंवा पट्टीने झाकायचे, कापड रिंगीत ताणून बसवायचं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत नाव भरायचं. पायाची लय आणि हाताची चाल जुळायला वेळ लागतो, पण त्या अक्षराला जे वळण येतं ते फाइलमधून येत नाही. मी शिकले ते असंच, आणि आजही घोंगडीसारख्या जाड कापडावर रिंगीचाच भरवसा धरते.

आता वस्तूंकडे येते. मुलग्याची भेट रोज वापरात यावी. घडी करून कपाटात ठेवायची भेट देऊ नये, ती त्याला आठवतही नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी शाळेच्या पिशवीला आणि अंघोळीच्या टॉवेलला. टॉवेलच्या लोकरीसारख्या फंद्यांत टाके बुडतात, म्हणून वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म पसरायची आणि मग भरायचं. काम झालं की ओल्या फडक्याने पुसलं तरी ती निघून जाते. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, तिथे खाली कायम राहणारा जाड आधार आणि गोल टोकाची सुई लागते. फाडून काढायचा कागद टी-शर्टला लावला की तिसऱ्या धुण्यात नाव आकसलंच. सुती कापडाला शिवण्याआधी पाणी दाखवावं हे आपल्या आज्यांना माहीत होतंच, कापूस पिकवणाऱ्या मुलखात ते वेगळं सांगायला नको. दोऱ्याच्या बाबतीत मात्र मी पक्की आहे. रेयॉनला चकाकी जास्त, पण आमच्याकडे पोरांचे कपडे सोड्यात भिजतात आणि दगडावर ब्रशने घासले जातात. तिथे पॉलिस्टरच टिकतो.

चित्र कोणतं काढायचं हे मी पालकांना विचारत नाही, मुलाला विचारते. दुकानी नमुन्यांत मुलगा म्हटलं की निळा रंग, रेसची गाडी आणि डायनासोर. आमची पोरं मागतात ट्रॅक्टर, जेसीबी, बैलजोडी, कबड्डीच्या बनियनवरचा नंबर. तिसरीतल्या एकाने फवारणीचा पंप मागितला, त्याचा बाप कपाशीवर फवारतो तसा. मी कागदावर माणूस रेखाटला तर त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. पंपाचा दांडा डाव्या हाताने मारायचा आणि नळी उजव्या हातात धरायची, हे त्याने स्वतः करून दाखवलं. तोंडाला रुमाल बांधायलाही लावला. ते चित्र त्याच्या दप्तराच्या खिशावर बसलं. आपल्या बापाचं काम चितारण्याजोगं आहे हे त्या पोराला आधीच ठाऊक होतं, मी फक्त दोरा पुरवला.

नागपूर-वर्ध्याकडे तान्हा पोळा जोरात असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत. तिकडच्या नात्यागोत्यातून मला लाकडी बैलाच्या झुलीची मागणी येते आणि वर्षातलं हे माझं सगळ्यात लाडकं काम आहे. झूल तळहाताएवढी, मशीनच्या दहा सेंटिमीटरच्या चौकटीत मावणारी. लाल किंवा हिरवं कापड, कडेने पिवळा कंगोरा, मधे एका बाजूला मुलाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्याने बैलाला ठेवलेलं नाव. पोरं बैलांची नावं फार विचार करून ठेवतात. दोन्ही नावं एकाच वळणात, एकाच आकारात काढायची असा माझा नियम आहे.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांविषयी थोडं कडक बोलते. भरतकामाची उलटी बाजू खरखरीत असते, ती बाळाच्या छातीला किंवा कपाळाला लागता कामा नये. आतून मऊ अस्तर किंवा इस्त्रीने चिकटणारं मऊ जाळीचं कापड लावलंच पाहिजे. मोती, टिकल्या, आरसे, सैल बटणं नकोत, तोंडात जातात. गळ्याशी आणि टोपीला लांब नाड्या ठेवू नयेत. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांच्या टोपीला आणि गळ्याला ओढायच्या नाड्या लावू नयेत असं मानकच आहे. कुंचीला बंद लागतातच, पण ती बारशाला पाळण्यात घालेपर्यंतच ठेवावी, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ठेवू नये. मी बंदाऐवजी आता मऊ वेल्क्रो लावते. काही आज्यांना ते रुचत नाही, तरी मी माघार घेत नाही.

नाव कुठे टाकावं यावरही माझं ठाम मत आहे. लहान मुलाच्या दप्तरावर बाहेरून पूर्ण नाव-आडनाव नको. अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल ओळखीचा समजून जवळ जातं. बाहेर नुसतं चित्र असावं, पूर्ण नाव आणि वडिलांचा फोन नंबर आतल्या खिशावर. एरवी आडनाव मी शक्यतो काढतच नाही. मित्रांत बसल्यावर पोराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने व्हावी असं मला वाटतं.

या कामात पैसा आहे का, असं गावातल्या मुली विचारतात. आहे, पण दर लावताना नुसते टाके मोजून चालत नाही. तीन अक्षरांचं नाव मशीन काही मिनिटांत भरते. खरा वेळ पंचिंगला जातो, आणि तो दरात धरला पाहिजे. आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजी आणि सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स हे एक-एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, दुसऱ्यात भरतकाम नीट शिकवतात. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय आहे. बचत गटातल्या बायांनी दोघी-तिघींत एक मशीन घेतली तरी गावची बारशी आणि वाढदिवस आरामात निघतील. मुलगे शिकायला आले तर मला अधिक आनंद होईल. शिंपीकाम आपल्या गावोगावी पुरुषांनीच पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे, रिंग हातात धरायला त्यांना संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.

भाऊबीजेला भाऊ ओवाळणी टाकतोच, बहिणीनेही भावासाठी काहीतरी शिवून घ्यावं, निदान नाव टाकलेली गोधडी. बाजारातून नवं कापड आणायचीही गरज नाही, आजोबांचं मऊ झालेलं धोतर किंवा वडिलांचा जुना सदरा गोधडीला उत्तम चालतो. ते कापड धुऊन, वाळवून आणा. नाव तोंडी सांगू नका, हृषीकेश एकाच घरात तीन जण तीन तऱ्हेने लिहितात. शाळेच्या दाखल्यावर आहे तसं कागदावर लिहून द्या. आणि आपल्या गावच्या शिंप्याकडे किंवा शिंपिणीकडे निदान पंधरा दिवस आधी जा, कारण धनत्रयोदशीला आलेलं काम भाऊबीजेला चांगलं होत नाही.