मक्याच्या मागे काय आहे?

दसऱ्याच्या सुट्टीत म्हैसूरला मामाकडे गेलो की सगळे विचारतात, जंबो सवारी पाहिली का? यंदा मी ती पाहिली नाही. त्या रात्री मी हुणसूरजवळ मामाच्या मक्याच्या शेतात, माचाणावर, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बसलो होतो.

झालं असं, की आदल्या आठवड्यात रानडुकरांनी मक्याच्या दहा-बारा सरी आडव्या केल्या. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. मामाने वनखात्याकडे भरपाईचा अर्ज केला. मी मात्र तावात होतो. यंदा आमच्या हाउसतर्फे फायरिंगला माझं ग्रुपिंग सर्वांत लहान आलं होतं. (हे मी मामीलाही दोनदा सांगून झालं होतं.) आबांना म्हणालो, "डोक्यात बसली तर पॉइंट टू-टूसुद्धा पुरे."

आबा म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त सुभेदार. त्यांच्याकडे परवान्याची जुनी .३१५ आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, "फिजिक्सची वही आण."

मग गणित मांडलं. आपली .२२ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. ऊर्जा आली दीडशे ज्यूलच्याही आत. इन्सासची गोळी ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे रुंदीला .२२ इतकीच! पण वजन ४ ग्रॅम आणि वेग ९००च्या आसपास. ऊर्जा सोळाशे ज्यूल. नळीचं भोक तेवढंच आणि मार दहापटीहून जास्त. मी तोवर कॅलिबर म्हणजे ताकद असंच समजत होतो.

आबांना विषय मिळाला की ते थांबत नाहीत. अमेरिकेत कोयोट नावाचा कोल्ह्याचा भाऊबंद मेंढ्या-वासरांवर येतो, त्याच्यासाठी तिथले लोक .२२३, .२२-२५० किंवा .२४३ घेतात. प्राणी दहा-वीस किलोचा, कातडी पातळ, अंतर दोन-तीनशे मीटर. तिथे हलकी, वेगवान, आत शिरताच फुटणारी गोळी चालते. रानडुकराच्या खांद्यावर जाड ढालीसारखी कातडी असते. तीच गोळी तिथे वरच्यावर फुटली तर जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं. त्याला जड, खोल जाणारी गोळी लागते. .३०३ फौजेची, म्हणून ती नागरिकांना बंद. त्यामुळे आपल्याकडे .३१५ रुळली.

म्हैसूरचाच एक किस्सा त्यांनी सांगितला. इथे व्हॅन इंगेन नावाचं घराणं राजेमहाराजांच्या शिकारीत पेंढा भरून द्यायचं. त्यातल्या मुलांची नावं बोथा, डी वेट, जूबर, म्हणजे बोअर युद्धातल्या सेनापतींची. त्या बोअरांच्या हातात ७ मिलिमीटरची माउझर होती. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी तेच काडतूस उडवते. एकच गोळी, दोन नावं!

"म्हणजे .३१५ घेऊन बसू या," मी म्हणालो.

"परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही," आबा म्हणाले. १९७२च्या कायद्याने रानडुकरालाही संरक्षण आहे. पीक खातो म्हणून मारायचा तर आधी लेखी परवानगी हवी. ती आमच्याकडे नव्हती. रायफल कपाटातच राहिली.

माचाणावर माझ्यासोबत शेताचा राखणदार होता. त्याला मराठी येत नाही, माझं कन्नड 'ऊट आयता'च्या पुढे जात नाही. मामा मधे बसून सांगत होता. राखणदाराने लुंगी वर करून मांडी दाखवली. गुडघ्यापासून वर वीतभर शिवलेली खूण. मागच्या हंगामात कुणीतरी रात्री ठासणीच्या बंदुकीतून डुकरावर छर्रे झाडले आणि घरी जाऊन झोपलं. जखमी डुक्कर मक्यात दडून बसलं. सकाळी हा कापणीला आत शिरला. झाडणारा कोण ते अजून कुणाला ठाऊक नाही. त्याला अडीच महिने काम नव्हतं.

मला माझं "पुरे" आठवलं. काही बोलवेना.

थोड्या वेळाने आबांनी खालून विचारलं, "रेंजवर टारगेटच्या मागे काय असतं?"

"मातीचा बट."

"आणि इथे, मक्याच्या मागे?"

मी पाहिलं. मका डोक्याहून उंच. पानांच्या फटीतून पलीकडे दोन पिवळे दिवे दिसत होते. मजुरांच्या खोपटी. माचाणापासून फार तर दीडशे मीटर. आबांनीच मघाशी सांगितलं होतं, .२२ची गोळीसुद्धा किलोमीटरभर जाऊ शकते.

डुकरं दोनच्या सुमारास आली. आधी वास, मग पानांचा कडकडाट. राखणदाराने आरोळी ठोकली, मामाने बॅटरी मारली आणि मी डबा असा बडवला की काठी मोडली. कळप खोपटींच्या उलट्या दिशेने, ओढ्याकडे पळाला.

सकाळी मोजलं. दोन सरी गेल्या होत्या. मामा अर्जाला जोडायला फोटो काढत होता आणि राखणदार मला नवी काठी तासून देत होता.